मेस्त्री उठला का?

आठवड्यातून दोनदा, हिंगोलीच्या दवाखान्यात, दादांना चार तास डायलिसिसच्या मशीनला जोडून पडून राहावं लागे. दादा म्हणजे माझे वडील. सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गावात, पुसेगावच्या अलीकडे, त्यांनी तीस वर्षं ग्रामपंचायतीत शिपायाचं काम केलं. सकाळी नळाला पाणी सोडायचं, हे त्यातलं मुख्य काम. आता त्यांना स्वतःला दिवसभरात दोन पेले पाणी प्यायची मुभा होती. त्या चार तासांत तहान विसरावी म्हणून मी त्यांना कादंबऱ्या वाचून दाखवत असे. पुस्तकं इंग्रजी होती. डोळ्यांनी इंग्रजी वाचायचं आणि तोंडाने मराठी सांगायचं.

या कादंबऱ्यांची गोष्ट जुनी आहे. मी सातवीत असताना टीव्हीवर रविवारी दुपारी एक परदेशी मालिका लागायची, हिंदीत बोलणारी. पृथ्वी राहण्यालायक उरलेली नाही, म्हणून काही कुटुंबं एका मोठ्या यानातून दुसरी जमीन शोधत निघालेली. यानाची यंत्रं सांभाळणाऱ्याला त्यात इंजिनियर म्हणत. दादा त्याला मेस्त्री म्हणायचे, कारण त्याच्या हातात कायम पाना असे, आणि दादांच्याही. एका भागात स्फोट झाला, मेस्त्री जबर जखमी झाला. यानावर औषध नव्हतं. डॉक्टरीण बाईंनी त्याला बर्फासारख्या थंड पेटीत झोपवलं आणि सांगितलं, औषध सापडलं की उठवू. पुढच्या रविवारी आम्ही टीव्ही लावला तर तिथे भजनाचा कार्यक्रम. मालिका बंद झाली होती.

दादांनी ते मनाला लावून घेतलं. सुटीच्या दिवशी मी उशिरापर्यंत लोळत असलो की ते दारातून विचारत, "मेस्त्री उठला का?" आई वारल्यावर बरेच महिने त्यांनी तसं विचारलं नाही. मग एक दिवस परत विचारलं, तेव्हा माझी थोरली बहीण अक्का आणि मी एकमेकांकडे पाहून हसलो होतो.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. कॉलेजात इंग्रजीच्या सरांनी मला वर्ग सुटल्यावर रोज अर्धा तास मोठ्याने वाचायला लावलं, हसले नाहीत, म्हणून मी आज हिंगोलीत कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पेपर तपासायला नांदेडला गेलो असताना जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर मला एक चेहरा दिसला. मेस्त्रीचा. मुखपृष्ठावर त्याच मालिकेतले फोटो होते आणि खाली छापलं होतं, मालिकेवर आधारित कादंबरी. अशी पुस्तकं निघतात हेच मला ठाऊक नव्हतं. मालिका थांबली तरी गोष्ट पुस्तकांतून पुढे चालू राहिली होती. चार भाग होते, चारही मिळाले.

दादांना दाखवली तेव्हा त्यांनी आधी फोटो नीट पाहिला. मग म्हणाले, "वाचा सर." मी नोकरीला लागल्यापासून ते मला चिडवायला सर म्हणत.

चार भाग चार वेगळ्या लेखकांचे होते. पहिल्याने मेस्त्रीला दाढी दिली होती, दुसऱ्याने ती काढून टाकली.

"ह्या दुसऱ्यानं मालिका पाह्यलीच न्हाई," दादा म्हणाले. "नुसतं ऐकून लिहून राहिला."

"दादा, तुमच्यापेक्षा त्याला जास्त माहीत असंल."

"काहून? मी रविवार चुकवला का एक बी?"

बाजूच्या पलंगावरचे, डोंगरकडा गावचे काका हसले. नर्स म्हणाली, "हात हलवू नका काका, सुई निसटेल."

त्या थंड पेटीला मराठीत काय म्हणावं हे मला सुचलं नाही, तेव्हा मी पटकन शीतपेटी म्हणून गेलो. दादा माझ्याकडे पाहत राहिले.

"आपल्या पंचायतीत हाय ती?"

आमच्या ग्रामपंचायतीत काचेच्या झाकणाची एक शीतपेटी आहे. पुण्या-सुरतेला असलेली लेकरं येईपर्यंत मेलेल्या माणसाला तिच्यात ठेवतात. ती लोकांच्या अंगणात नेऊन लावणं, मग धुऊन परत ठेवणं, हे दादांचंच काम होतं. मला चटकन दुसरा शब्द शोधता आला असता. पण एकदा बोललो आणि तोच राहिला.

"तिच्यातून उठलेला मी तरी पाह्यला न्हाई," दादा म्हणाले. "पण परदेशातली चांगली असंल. वाचा."

चौथा भाग मी घरी आधी वाचून काढला. शेवटाकडे औषध मिळतं, पेटी उघडतात आणि मेस्त्री मेलेला असतो. आत्ता नाही, दुसऱ्या भागात यानाची वीज गेली होती तेव्हाच. डॉक्टरीण बाईंना ते माहीत होतं. बाकीच्यांचा धीर सुटू नये म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं.

त्याच आठवड्यात दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. दादांचं हृदय थकलं होतं. आता मशीनही फार दिवस पुरणार नाही, घरच्यांना कल्पना देऊन ठेवा, असं ते शांतपणे म्हणाले. मी आत आलो.

"काय म्हणले?"

"रिपोर्ट बराबर आहेत."

पुढच्या खेपेला मेस्त्रीची पेटी उघडायचं प्रकरण आलं. मी पुस्तक समोर धरलं आणि सांगत गेलो. झाकण निघालं. वाफ गेली. मेस्त्रीने डोळे उघडले.

"पह्यलं काय बोलला?" दादांनी विचारलं.

याची मी तयारी केली नव्हती. "पाणी मागितलं," मी म्हणालो.

दादांनी माझ्या हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "तू पान न्हाई उलटलं."

"अं?"

"इतकं सांगितलं, अंगठा तिथंच हाय तुझा. तीन भाग झाले, तू पानं कशी उलटतो ते पाहून राहिलो न मी." ते इंग्रजी वाचू शकत नव्हते. ते माझे हात वाचत होते. "उठला न्हाई न तो?"

मी मान हलवली.

"रिपोर्ट बी असेच बराबर का?"

बाजूचे डोंगरकड्याचे काका त्या दिवशी आलेले नव्हते. नर्स टेबलाशी लिहीत होती. मी दादांना डॉक्टर बोलले ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आता पुस्तकातलं खरं वाच." मी वाचलं. एकेक ओळ, अडखळत. शेवटी यानातली माणसं मेस्त्रीला पेटीतून काढतात आणि बाहेर सोडून देतात.

"बरं केलं," दादा म्हणाले. "मला पंचायतीच्या पेटीत ठेवू नको. किती जणांना ठेवलं म्या. काचेतून लोक पाहतात, लेकरं पाहतात. माल ठेवल्यावानी दिसतो माणूस. गेलो की चार तासांत आटपा."

"अक्का सुरतेहून कशी पोचंल?"

"तिला तू सांग."

ते मी अक्काला सांगितलं नाही. फोनवर तिला खोट्या मेस्त्रीची गोष्ट तेवढी सांगितली, दादांनी मला कसं पकडलं ती. ती हसली. म्हणाली, "तू लहानपणापासून असाच. समोरच्याला बरं वाटावं म्हणून काय पण सांगतो." पेटीचं पुढच्या वेळी सांगू, असं मी ठरवलं. डॉक्टरांनी दिलेली कल्पनाही पुढच्या वेळीच.

तीन आठवड्यांनी, सकाळी नळाला पाणी आलेलं असताना, दादा गेले. अक्का फोनवर ओरडत होती, "मी निघाले, पेटी आणा, मी येईस्तोवर ठेवा." सरपंच म्हणाले, पेटी मोकळी आहे, आत्ता लावतो. शेजारची माणसं माझ्याकडे बघत होती. मी नको म्हणालो. दुपारी बारापर्यंत सगळं उरकलं.

अक्का दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली. पलंग रिकामा होता. ती उंबऱ्यातच बसली. तिने मला शिवी दिली नाही, मारलं नाही. मी तिला सगळं सांगितलं. डॉक्टर काय बोलले, शीतपेटी, मेस्त्री, चार तास.

"तवा कोण होतं तिथं?"

"मी आणि दादा."

"डोंगरकड्याचे ते काका?"

"त्या दिवशी आले नव्हते."

पुस्तकं कोनाड्यात होती. तिने चौथा भाग उचलला, मुखपृष्ठावरचा मेस्त्री पाहिला. सातवीत मी आणि दहावीत ती, आम्ही दोघांनी ती मालिका एकाच सतरंजीवर बसून पाहिली होती.

"दादा खरंच तसं म्हणले होते," तिने विचारलं, "का तू सांगून राहिला?"

"खरंच म्हणले होते."

ती माझ्या तोंडाकडे पाहत नव्हती. ती माझ्या हातांकडे पाहत होती, आणि माझ्या हातात काहीच नव्हतं.