बरणी काय म्हणते?

उन्हाळ्यात शेजारची भाभी गच्चीवर मिरच्या नाहीतर कुरडया वाळत घालायला निघाली, की आधी मधल्या भिंतीवरून मला विचारायची, "ताई, बरणी काय म्हणते वो?" नव्या माणसानं ऐकलं तर म्हणेल, या दोघींच्या डोक्यावर परिणाम झाला. पण बुलढाण्यातल्या आमच्या गल्लीचा मोबाइलवरच्या हवामानापेक्षा आमच्या घरच्या बरणीवर जास्त भरवसा होता, आणि तो काही उगीच नव्हता.

बरणी लोणच्याची, जाड काचेची, माझ्या रुखवतातली. ती माझ्या स्वयंपाकघरातून गेली कशी, ते सांगते. आमच्या ह्यांना हॅम रेडिओचं वेड. सरकारी परवाना काढून घरबसल्या वायरलेसवर जगातल्या अशाच वेड्यांशी बोलायचं. नोकरीत होते तोवर सुट्टीच्या दिवशी, निवृत्त झाल्यावर दिवसभर. परसात टॉवर आहे, तीन मजली घराएवढा उंच, शेजारच्या भाईंनी, म्हणजे भाभीच्या नवऱ्यानं, आपल्या वेल्डिंगच्या दुकानात तुकडा तुकडा जोडून केलेला. चहूबाजूंनी लोखंडी तारांचा ताण, वर माशाच्या काट्यासारखा अॅल्युमिनियमचा अँटेना, तो फिरवायला मोटर. अँटेनाची जाड काळी केबल खिडकीतून रेडिओच्या खोलीत येते. आभाळ आलं की ती केबल रेडिओपासून सोडवावी लागते, नाहीतर वीज सरळ घरात. आणि सोडवलेलं टोक ठेवायचं कुठं, तर काचेच्या बरणीत. मला विचारलंसुद्धा नाही. लोणचं पातेल्यात काढून ठेवलेलं दिसलं तेव्हा मला कळलं.

मी आदळआपट केली. मग एके दिवशी आभाळ भरून आलं आणि ह्यांनी मला हात धरून त्या खोलीत नेलं. "ऐक," म्हणाले. बरणीतून टिक, टिक असा आवाज येत होता. केबलच्या टोकाशी बारीक निळी ठिणगी पडत होती. "ढगातली वीज अँटेनावर जमून राह्यली. ढग जितके जवळ, तितकी टिकटिक जास्त." मला विजेचं लहानपणापासून भ्याव. माझ्या माहेरी, वडनेर भोलजीला, आमच्या बांधावरच्या निंबाखाली उभी बैलजोडी एका क्षणात आडवी झालेली मी पाहिली आहे. त्यामुळे रेडिओतलं दुसरं काही मी शिकले नाही, पण ही टिकटिक मात्र शिकले. टिकटिक सुरू झाली की मी गच्चीवरचं वाळवण उचलायची आणि भाभीला हाक मारायची. आमची कुरडई कधी भिजली नाही.

आता ह्यांच्या कानाचं. साठी उलटली तसे ह्यांचे कान गेले. मुलानं पुण्याहून कानातलं मशीन आणून दिलं, चांगलं भारीतलं. ते डबीत. रेडिओवर बसताना मोठे हेडफोन लावायचे, त्यात रशियाचा माणूस ऐकू येतो, जपानचा ऐकू येतो. बायको स्वयंपाकघरातून घसा फोडून राहिली ते ऐकू येत नाही. मशीन घाला म्हटलं की म्हणायचे, "त्यात निस्ते भांडे वाजतात." माझाही स्वभाव काही लोण्याचा नाही. एकदा सांगून होत नाही म्हणून दोनदा, दोनदाचं ओरडून, ओरडून होत नाही म्हणून भांडं आपटून. बरीच वर्षं आमच्या घरात मी हळू आवाजात काही बोललेच नसेन. सवयच राहिली नाही.

टॉवरवर चढायचं काम भाईंचं. मुलानं ह्यांच्याकडून तसं वचन घेतलं होतं. पण यंदाच्या उन्हाळ्यात वरची मोटर अडकली आणि भाई लग्नासाठी मेहकरला गेलेले. दोन दिवस थांबा म्हटलं, तर नाही. दुपारी माझा डोळा लागलेला पाहून हे कमरेला सुरक्षेचा पट्टा बांधून चढलेसुद्धा. मी उठून परसात येते तर हे पार वर, मोटरीजवळ, आणि खाली दोरीला बांधलेली हत्यारांची बादली. ही दोरी ह्यांचीच पद्धत. खालच्यानं दोरीला झटका दिला की वरचा बादली ओढून घेतो. वरून ह्यांनी बोटं फिरवून दाखवली. पान्हा पाहिजे होता.

मी मनात बडबडत रेडिओच्या खोलीत पान्हा शोधायला गेले. तिथं मला चुकचुकल्यासारखं ऐकू आलं. मी आधी भिंतीवर पाल शोधली. पाल नव्हती. मग बरणीकडे पाहिलं. चढायच्या आधी ह्यांनी केबल सोडवून तिच्यात ठेवली होती.

टिक. मग बराच वेळ काही नाही. मग टिक, टिक.

मी खिडकीतून आभाळ पाहिलं. निळंशार. ढगाचं एक बोट नाही. बरणी खोटं बोलून राहिली असं मला वाटलं, कारण असं कधी झालंच नव्हतं. आधी ढग, मग टिकटिक, हा तिचा नेम होता. मी बाहेर आले. परसातली कोंबडी भिंतीला चिकटून बसली होती. वाऱ्यानं टॉवरच्या ताणाच्या तारा नेहमी घुमतात, त्या घुमत नव्हत्या. झाडाचं पान हलत नव्हतं. आणि त्या शांततेत वरून कुठून तरी बारीक सूर येत होता, कढईत तेल तापलं की लागतो तसा. मी मान वर केली. तो सूर अँटेनातून येत होता.

आमचं गाव घाटावर. घाटाखाली, मलकापूर-नांदुऱ्याकडे, काय शिजून राहिलं ते कड्यावर चढेपर्यंत आम्हाला दिसत नाही. मी घराच्या कोपऱ्यावर जाऊन उत्तरेकडे पाहिलं. घरांच्या ओळीमागून, अगदी खालून, काळी कड वर येत होती.

मग मी ओरडले. "आवो, खाली या. खाली या ना." ह्यांनी खाली पाहिलं, माझं तोंड हलताना दिसलं असेल. रोजचंच आहे, असा हात झटकला आणि परत बोटं फिरवून पान्हा मागितला. मी हातवारे केले, आभाळाकडे बोट दाखवलं. ह्यांनी वर पाहिलं. वर निळं आभाळ. उत्तरेला ह्यांची पाठ होती. चढून जावं तर मला टॉवरला हात लावायची भीती, आणि हात लावून मी काय करणार होते? भाभी तिच्या गच्चीवर मिरच्या पसरत होती, ती थांबून आमच्याकडे पाहत होती. मी ओरडत राहिले. घसा बसला. ह्यांच्या कानापर्यंत काहीच पोचलं नाही.

मी आत पळाले. बरणीत आता टिकटिक उरली नव्हती, सलग तडतड होती. शेजारीच टेबलावर ह्यांच्या मशीनची डबी पडलेली. मी ती रुमालात गुंडाळली, बादलीत टाकली आणि दोरीला झटका दिला.

ह्यांनी बादली ओढली. रुमाल सोडला. डबी पाहून माझ्याकडे असं पाहिलं, की हिचं डोकं ठिकाणावर आहे का? मी दोन्ही हात जोडले. लग्नानंतर मी ह्यांना हात जोडल्याचं मला आठवत नाही. त्याचंच काही वाटलं असेल, ह्यांनी एक मशीन काढून कानात बसवलं.

आणि हे जागच्या जागी थांबले. आधी मान वर करून अँटेनाकडे पाहिलं. मग हळूच माझ्याकडे. मग पट्ट्याची कडी एक पायरी खाली लावली, परत सोडली, परत खाली. घाई केली नाही, एकदाही वर पाहिलं नाही. तो वेळ मी कसा काढला ते माझं मला माहीत. पाय जमिनीला लागल्याबरोबर मी मनगट धरून ह्यांना घरात ओढलं.

आम्ही उंबरा ओलांडला तेव्हा वीज पडली. आवाज आधी की उजेड आधी, सांगता येत नाही. घर पांढरं झालं. रेडिओच्या खोलीतून काच फुटल्याचा आवाज आला. नंतर पाहिलं तर बरणीचे तुकडे समोरच्या भिंतीत रुतले होते, मोटर जळून काळी पडली होती, आमचा टीव्ही आणि भाभीचा पंखा दोन्ही गेले होते. ह्यांच्या हातावरचे केस अजून उभे होते. मी ते चोळून बसवत होते आणि रडत होते. पाऊस नंतर चार थेंब पडला.

संध्याकाळी हे बाजेवर पडून होते. मशीन कानातच होतं, काढायचं सुचलं नव्हतं. म्हणाले, "वर तो सूर ऐकला तवा मी घाबरून गेलो होतो. हात सुटत नव्हते. तुह्या आवाजानं उतरलो."

मी म्हटलं, "मग? इतकी बोंबलून राह्यली होती मी."

"नाही. बोंबलत नव्हती तू. अगदी कानाशी. म्हणे, उतरा, चला, खाली या. हळू हळू. एकेक पायरीले म्हणत होती." मग म्हणाले, "इतकं मऊ बोलता येते तुले, मले माहीत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी भाभी भिंतीपाशी आली. तिचा चेहरा अजून उतरलेला होता. ह्यांना ती भाईसाब म्हणते. "ताई, भाईसाब उतरत होते तवा तुम्ही काऊन गुपचूप झाल्या वो? तोंडात पदर कोंबून उभ्या. मले वाटलं तुम्हाले झटकाच बसला."

तिचं खरं होतं. ह्यांनी मशीन कानात घातलं त्या क्षणापासून माझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता. पदर दातांत धरला होता, त्यावरचे दातांचे वण मी रात्री धुताना पाहिले. त्या मशीनमध्ये विजेनं खरखर झाली असेल, भ्यालेल्या माणसाला काहीही ऐकू येतं, असं मी स्वतःला पुष्कळ समजावलं. पण ह्यांना ऐकू आला तो माझा आवाज होता, आणि तसं मी ह्यांच्याशी आयुष्यात बोलले नव्हते. अंगावर काटा येतो तो या दुसऱ्या गोष्टीनं. ह्यांना मी काही सांगितलं नाही. विचारलं की म्हणायची, "हो, मीच ते."

दिवाळीनंतर भाईंनी टॉवर दुरुस्त केला. नवी मोटर, नवी केबल, आणि बरणी या वेळी मी स्वतः दिली. सगळं लागलं, तरी ह्यांच्या मनासारखं अँटेनाचं तोंड जमेना. एका सकाळी मी परसात आले तर हे पट्टा बांधून टॉवरच्या पहिल्या पायरीवर. माझ्याकडे पाठ होती. माझ्या तोंडाशी सगळं आलं, वचनं, मुलगा, फुटलेली बरणी. नेहमीसारखी ओरडायला मी तोंड उघडलं.

आणि ओरडले नाही. कसं बोलायचं ते मला येत नव्हतं, म्हणून ह्यांनी सांगितलं होतं तसंच बोलले. जागेवरूनच, हळू. "उतरा. चला, खाली या."

ह्यांचा वर गेलेला पाय थांबला. क्षणभर तसेच उभे राहिले, मग मागं न पाहता खाली उतरले आणि पट्टा सोडायला लागले. "हो," म्हणाले. "असंच म्हणत होती तू."

तो पट्टा त्याच दिवशी भाईंकडे गेला. मी घरात येऊन खुर्चीवर बसले. ह्यांनी विसरलेली मशीनची डबी मी द्यायला म्हणून परसात नेली होती, ती अजून माझ्या मुठीत होती. उघडून पाहिली. दोन्ही मशीनं आतच होती.