भावाची बाळोती
नातवाची बाळोती सोड्यात उकळत होते. त्या वासानं मला पेडगावचं आमचं अंगण आठवलं. लढाईच्या दिवसांत बाजारात कापड मिळत नव्हतं. माझा तान्हा भाऊ जाऊन पंधरवडाच झाला होता, तेव्हा शेजारच्या काशीकाकू आईकडं आल्या.

“सुनेचं लेकरू वल्यातच पडून राहायलंय. तुझ्याकडची बाळोती देतीस का?”

“गेलेल्या लेकराची हायत, काकू.”

“ठावं हाय. पर दुसरं कापडच न्हाई.”

आईनं जुन्या धोतराची ती मऊ बाळोती उकळली, घड्या घातल्या अन् दिली. रोज ती काकूंच्या दोरीवर वाळायची. आई तिकडं पाठ करून बसायची.

मला वाटलं, आई भावाला विसरली. पुढं माझं पहिलं लेकरू गेलं, तेव्हा त्याचं एकही बाळोतं माझ्यानं कुणाला देववलं नाही.