म्बारकाने झाकलेलं दुखणं

ऐन सद्रा नावाच्या वस्तीत बाई मेली की पहिला निरोप जायचा तो म्बारकाकडे. हातातलं काम तसंच झाकून ती बोरीची पानं आणि कापूर यांची पिशवी उचलायची आणि निघायची. एकवीस वर्षं वस्तीतल्या बायांना शेवटची आंघोळ तिनेच घातली. त्या बंद खोलीत जे दिसलं ते तिथेच ठेवून ती बाहेर पडायची. मय्यत धुणारीने पाहिलेलं झाकावं म्हणजे अल्ला तिचंही झाकतो, हे तिला सासूने शिकवलं होतं. पुढे त्या सासूलाही तिनेच धुतलं.

पण अलीकडे झाकायचंच फार झालं होतं. पूर्वी म्हाताऱ्या जायच्या. आता चाळिशीतल्या, पस्तिशीतल्या जाऊ लागल्या. कुणाची एक छातीच नाही, कुणाच्या जबड्याखाली लिंबाएवढी गाठ, कुणाची नुसती हाडं. खजुरीच्या बागांपलीकडे, समुद्राला लागून खताचा कारखाना. समुद्राकडून वारा सुटला की बाया आधी पोरांना आत घ्यायच्या, मग दोरीवरचे कपडे, आणि खिडकीच्या फटीत ओली फडकी कोंबून बसायच्या. घसा जळायचा तो जळायचाच. आणि घरातलं माणूस गेलं की दाराशी विचारणाऱ्याला सांगायच्या, साखर होती, म्हणजे मधुमेह. खऱ्या रोगाचं नाव कुणी घेत नसे. फारच झालं तर 'ते वाईट दुखणं.' नाव फुटलं की पोरींची स्थळं परत जातात. शिवाय घरटी एक माणूस कारखान्यात कामाला, त्याच्या पोटाचा प्रश्न वेगळाच.

रमजान संपून दोन आठवडे झाले असतील, तेव्हा शाळेतली रादिया बाई म्बारकाकडे आली. वस्तीने अर्जांवर अर्ज केले, तेव्हा कुठे राजधानीतून डॉक्टरांचं पथक गुरुवारी यायचं ठरलं होतं. दवाखान्याच्या कागदांवर मात्र जिथे तिथे साखर, नाहीतर हृदय बंद पडलं. पथक ते कागद बघणार, मान हलवणार आणि जाणार. पुन्हा कोण कशाला येतंय? खरं काय ते मावशीच्या हातांना ठाऊक आहे, तेव्हा मावशीनेच उभं राहून सांगावं, असं रादियाचं म्हणणं.

"पोरी, मी तोंड उघडलं तर उद्या माझ्या हाती मय्यत कोण देईल?" म्बारका म्हणाली.

तरी दुपारच्या नमाजानंतर ती इमामांना विचारायला गेलीच. इमामांनी दाढीवरून हात फिरवला. आजार म्हणजे काही पाप नव्हे, पण विश्वासाने सोपवलेली अमानत ती अमानत. घरचे हो म्हणाले तर सांग, नाहीतर नको, असा त्यांनी निवाडा दिला. निवाडा सोपा होता. उंबरे झिजवायचे होते ते म्बारकाच्या दुखऱ्या गुडघ्यांनी.

पहिलं घर हमादीचं. त्याची बायको दोन वर्षांपूर्वी गेली, तो स्वतः कारखान्यात पोती चढवायला. त्याने चहा दिला, वस्तीच्या रीतीप्रमाणे शेंगदाणे घालून, आणि सगळं ऐकून घेतलं. मग पेल्याकडे बघत म्हणाला, थोरलीचं लग्न उन्हाळ्यात आहे. एवढंच. म्बारकाने चहा संपवला, दुआ दिली आणि उठली. तिला त्याचा राग आला नाही. राग यायलाही अंगात जोर लागतो.

अशी चार घरं झाली. पाचवं म्हाताऱ्या मनूबियाचं. तिची सून गेल्या वर्षी गेली. मनूबिया उंबऱ्यातच बसून हरिसाच्या चटणीसाठी मिरच्यांची देठं खुडत होती. म्बारकाचं बोलणं तिने अर्ध्यावरच तोडलं.

"माझी सून कशाने गेली ते तू उद्या सांगशील गं. तुझी सालहा कशाने गेली?"

म्बारकाने चौकटीला हात टेकला.

"साखरेने, नाही का?" म्हातारीचे हात चालूच होते. "अख्खी गल्ली साखरेने मेली म्हणे. तरी आमच्या वाण्याची साखर काही खपत नाही. दुसऱ्यांचं दार ठोठावतेस, आधी स्वतःच्या दाराची कडी काढ की."

सालहा म्बारकाची धाकटी बहीण. चव्वेचाळीस वर्षांची होऊन गेली. तिलाही म्बारकानेच धुतलं होतं, आणि दवाखान्यातल्या कारकुनाच्या हातापाया पडून कागदावर साखर लिहवून घेतलं होतं, तेही तिनेच. सालहाची मुलगी इब्तिसाम तेव्हा लग्नाची होती. मावशी म्हणून तिला दुसरं काही सुचलंच नाही.

इब्तिसाम आता दोन गल्ल्या सोडून नांदत होती. म्बारका तिथूनच तिच्याकडे गेली. पोटातलं सगळं सांगून झालं तरी भाची शांतच होती. पाटावर बसून कुसकुसचा रवा चाळत ती म्हणाली, "मावशी, माझ्या सासूला लग्नाआधीपासून माहीत आहे. तिची स्वतःची बहीण त्यातच गेली. ती मला साखर सांगते, मी तिला साखर सांगते. चाललंय." मग चाळणी थांबवून म्हणाली, "सांग तू. आईचं सांग."

गुरुवारी शाळेच्या वर्गात वस्ती दाटीवाटीने बसली होती. पुरुष भिंतीला टेकून उभे. म्बारका उठली, तिने मनातल्या मनात बिस्मिल्ला म्हटलं.

"माझी बहीण सालहा. मी तिला धुतलं. साखर नव्हती तिला. छातीत ते होतं, हाडांपर्यंत गेलेलं. बाकीच्यांचं मी सांगणार नाही, ते माझं नाही."

डॉक्टरांनी सालहाचं वय विचारलं, किती वर्षं इथे राहिली ते विचारलं, मग कागद मागितला. कागदावर साखर. ते कुणी लिहवून घेतलं, हेही तिने सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. कागदावर तो रोग नसेल तर मोजणीत धरता येत नाही म्हणाले, बहिणीचं तोंडी सांगणं म्हणून लिहून घेतो. मागून मनूबियाने हात वर केला, तिच्याकडेही तसा कागद नव्हता. मग आणखी दोघी उठल्या. हमादी दाराशी होता, तो बाहेर निघून गेला.

पथक गेलं. महिने गेले. उत्तर आलं नाही. रादिया दर आठवड्याला फोन लावायची. कधी कुणी उचलायचं, बघतो म्हणायचं.

डाळिंबं उतरायच्या दिवसांत हमादीच्या शेजारची बाई गेली. म्बारकाने सवयीने पिशवी भरून दाराशी ठेवली. दुपार टळली तरी निरोप आला नाही. इब्तिसाम सांगत आली, त्यांनी पलीकडच्या वस्तीतून धुणारी आणवली म्हणून. म्बारकाने ऐकलं. मी त्यांच्यातल्या कुणाचं नावही घेतलं नव्हतं, एवढं तिच्या तोंडून निघालं. मग तिने हात-तोंड-पाय धुऊन वजू केला, काळी चादर घेतली आणि मय्यतीला गेली. इतर बायांमध्ये मागे, भिंतीशी जागा होती तिथे बसली. आतून पाणी ओतल्याचा आवाज येत होता.