घडीकाकांचं जॅकेट

सकाळचे आठ वाजले होते. घडीकाका पलंगावरची चादर आवरत होते, तिसरी घडी पडायचीच बाकी होती आणि दार वाजलं.

"अहो, दार वाजतंय," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"ऐकलं. आता ही पुन्हा पहिल्यापासून."

काकूंनी कपाळाला हात लावला. हवाई दलात बावीस वर्षं काकांनी एकच काम केलं होतं, पॅराशूटच्या घड्या घालायचं. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टेबल, त्यावर पसरलेलं कापड, दोरीला दोरी लागता कामा नये, कुठे पीळ राहता कामा नये, आणि सगळं झालं की रजिस्टरमध्ये सही. मध्येच कुणी हाक मारली, अगदी शिंक जरी आली, तरी सगळं उलगडायचं आणि पुन्हा सुरुवात करायची, हा तिथला नियम. नोकरी सुटून तीस वर्षं झाली, नियम काही सुटला नाही. त्यामुळे या घरात एक टॉवेल कपाटात जायला कधी पाच मिनिटं लागतात, तर कधी सकाळ जाते. काकूंनी फोनची घंटा बारीक करून ठेवली आहे ती याच कारणाने.

दार मुलाने उघडलं. कामाचा दिवस असून तो दाढी करून, नवा शर्ट घालून तयार होता, तेव्हाच काकूंना पाणी कुठेतरी मुरतंय अशी शंका आली होती. दारात संग्रहालयाच्या बाई उभ्या. खांद्याला पिशवी, हातांत पांढरे हातमोजे.

"तुमच्या चिरंजीवांनी अर्ज पाठवला होता," बाई बसता बसता म्हणाल्या. "हवाई दलाचं नवं दालन उघडतोय आम्ही. वस्तू हव्यात, कागदपत्रं हवीत, आठवणी हव्यात."

काका चादर उलगडत होते. "दोन मिनिटं हं. एवढं झालं की आलो."

दोन मिनिटांची बारा झाली. तेवढ्यात बाईंनी हातमोजे न काढता चहा घेतला, दोन बिस्किटं खाल्ली आणि चुरा झटकून छापील कागद पुढे ओढला.

"किती विमानं पाडलीत?"

"एकही नाही."

"म्हणजे शत्रूची विचारतेय मी."

"कुणाचीच नाही हो. मी जमिनीवर होतो."

बाईंनी मुलाकडे पाहिलं. मुलाने पंख्याकडे पाहिलं. काकांनी सर्व्हिस बुक आणून समोर ठेवलं. त्यात काकांचं काम स्पष्ट लिहिलेलं होतं, पण बाईंच्या कागदावर तीनच चौकोन होते. पायलट, इंजिनिअर, इतर.

"पण अर्जात तर फ्लाइंग जॅकेट आहे म्हटलंय."

जॅकेट होतं. काकूंनी कपाटातून काढून दिलं. जाड चामड्याचं, आत लोकर, कॉलरच्या आत शाईने लिहिलेलं एक नाव, आणि ते नाव काकांचं नव्हतं.

"एका पायलटचं आहे," काका म्हणाले. "इंजिनला आग लागली, उडी मारली, शेतात उतरला. दुसऱ्या दिवशी रजिस्टरमधली सही बघून मला शोधत आला. मी अर्ध्या घडीवर होतो, मान वर केली नाही. त्याला नियम माहीत होता. पाऊण तास भिंतीला टेकून उभा राहिला, तोंडातून शब्द नाही. माझी सही झाल्यावर अंगातलं हे काढलं आणि माझ्या खांद्यावर टाकलं." काका थांबले. "दोन वर्षांनी तो गेला. त्या वेळी उडी मारायला सवड मिळाली नाही."

बाईंनी पिशवीतून तयार पाटीचा नमुना काढला. वर काकांचा तरुणपणचा फोटो, मुलानेच पाठवलेला, आणि खाली ठळक अक्षरांत, 'आभाळाला न जुमानणारा वीर वैमानिक.'

काकूंना हसू आवरेना. "अगं बाई! हे माळ्यावर चढत नाहीत. डबा काढायला मीच चढते!"

"आई, तू गप्प बस ना जरा."

"आणि कॉलरमधलं नाव?" काकांनी विचारलं.

"ते आत दुमडून ठेवू, काचेतून दिसणार नाही," बाई समजुतीने म्हणाल्या. "खरं सांगू का काका, पायलटला दालन आहे. घड्या घालणाऱ्याला नाही. 'इतर' वर खूण केली की वस्तू तळघरात जाते. तिथे आधीच दोन न्हावी आणि एक आचारी आहेत."

"बाबा, एका शब्दाचा तर प्रश्न आहे," मुलगा म्हणाला. "उद्घाटनाला आमचे साहेब येणार आहेत. मी ऑफिसात सगळ्यांना सांगून बसलोय."

"काय सांगून बसलायस?"

मुलगा पुन्हा पंख्याकडे बघायला लागला.

"वीस वर्षं सांगतोय तो," काकू म्हणाल्या. "शाळेत होता तेव्हापासून. मला वाटलं, मोठा झाला की घड्यांचंही कौतुक वाटेल त्याला."

काका मुलावर चिडले नाहीत. त्यांनी जॅकेट मांडीवर घेतलं आणि कॉलर बाहेर उलटून नाव वर आणलं. ज्याचं ते होतं त्याच्यामागे ना बायको होती, ना पोर. त्याचं नाव लिहिलेली दुसरी वस्तू कुठे उरली असेल, काकांना ठाऊक नव्हतं. आता हेही दुमडलं गेलं असतं, आणि तेही त्यांच्याच फोटोखाली.

"बाई, जॅकेट न्या," ते म्हणाले. "तळघरात ठेवलंत तरी माझी तक्रार नाही. फक्त पाटीवर त्याचं नाव लिहा, आणि खाली लिहा की त्या दिवशीचं पॅराशूट मी घडी घातलेलं होतं."