प्रमिलाच्या जड फायली

फोटो संगणकावर उघडण्याआधी प्रमिला समोरच्या माणसाला एकच विचारायची, "रंग कसा होता? खरा सांगा."

आर्णीतल्या आमच्या स्टुडिओत आसपासच्या गावांतून लोक गेलेल्या माणसाचा फोटो करून घ्यायला येत. भिंतीवर लावायला मोठी फ्रेम हवी असे आणि हातात असे मतदार ओळखपत्र, नाहीतर लग्नाच्या घोळक्यात अर्धवट दिसणारा चेहरा. त्यातून माणूस उभा करायचं काम प्रमिलाचं. बहुतेक जण म्हणत, "बाई, जरासे गोरे करा न." मान न वळवता ती म्हणे, "जलमभर उन्हात राबले, अन् गेल्यावर गोरे कायले? घरच्याइले ओळखू याले पायजे का नाही?" एकदा एक म्हातारी म्हणाली, "तसाच राहू दे वं. गोरा केला त मलेच लाज येईन त्याच्याकडं पाह्याले." प्रमिला दिवसभर खूश होती.

इतर ठिकाणी चेहरा सरसकट उजळून देत. ते सोपं असतं. सावळा रंग सावळाच ठेवून त्यातलं नाक, गाल, सुरकुती दाखवणं अवघड. त्यासाठी ती प्रत्येक फोटो सोळा बिटांत स्कॅन करी. "काळ्यात लय काळे असतात भाऊ," ती मला सांगे. "आठ बिटात सारे एकाच पोत्यात भरल्या जातात. मंग उजेड वाढवला का गालावर पायऱ्या पडतात." मला ते पटे, पण फाइलचा आकार पटत नसे. दुरुस्तीचे सगळे थर वेगळे राखल्याने एकेक फाइल पाऊण जीबीची. ती उघडेपर्यंत मी चौकात चहा पिऊन येई.

"तुझा एक म्हातारा मी काढलेल्या एका लग्नाची जागा खातो," मी कुरकुरायचो.

"लग्नातले लोक पुन्हा उभे करता येतात भाऊ. हा कुठून आणता?"

प्रमिला चार वर्षांची असताना तिची आई गेली होती. आईचा जगात एकच फोटो होता. उमरखेडला मामाच्या लग्नात, मांडवाच्या कडेला, सावलीत उभी असलेली. प्रमिलाने तो मामाकडून आणला, स्कॅन केला, परत पोचवला. पुढच्या पावसाळ्यात मामाच्या भिंतीला ओल आली आणि तो फोटो काचेलाच चिकटून गेला. उरला तो फक्त स्कॅन. काम नसलं की ती ती फाइल उघडून बसे. मामीला फोन करून विचारे, "मायच्या गालावर खळी पडे का वं?" डोळे करून झाले होते. हनुवटी अंधारातून वर येत होती. "माह्यासारखीच हाये, पाहा," ती एकदा म्हणाली, आणि मी चष्मा पुसून पाहिलं. खरंच होती.

लग्नसराईत डिस्क भरली. संध्याकाळी मी तिला सांगितलं, पूर्ण झालेल्या जुन्या कामांच्या लहान जेपीजी कर आणि मोठ्या फायली उडव. तिने एकेक तपासून ते केलं. सकाळी मी कॅमेऱ्यातलं लग्न उतरवायला बसलो तर जागा पुन्हा कमी पडली. ती अजून आली नव्हती. 'माय' नावाचा फोल्डर तेवढा जड दिसत होता. मी त्यातल्या कामाची आठ बिटांची एक लहान जेपीजी केली, मूळ स्कॅनसकट बाकी सगळं उडवलं, संगणकातला कचराही रिकामा केला. लहान फाइल उघडून पाहिली. दिसायला तसंच दिसत होतं. मला तेवढं पुरलं.

ती आली, फाइल उघडली, उजेड थोडा वाढवला. आईच्या गालावर पट्टे उमटले. "भाऊ, माही मोठी फाइल कुठं गेली?"

समोर त्या लग्नातल्या नवरदेवाचा बाप फोटोंसाठी येऊन उभा होता. मी म्हणालो, "काल तूच तर सफाई केलीस. घाईत उडाली असेल."

तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती आपल्या हातांकडे पाहत राहिली. "असंन," म्हणाली.

त्याच क्षणी मी खरं बोलून संगणक बंद केला असता, तर पुसलेल्या जागेवर नवं काही लिहिलं गेलं नसतं आणि कोणा जाणकाराने ती फाइल परत काढून दिलीही असती. पण मी काढलेले लग्नाचे फोटो त्याच डिस्कवर उतरत होते, आणि मी ते उतरू दिले.

नंतरची सहा वर्षं कुठलीही फाइल पुसायची झाली की ती मला हाक मारी. "भाऊ, एकडाव पाहा न. माह्या हाताचा भरोसा नाही." मी वाकून बघायचो आणि म्हणायचो, "उडव."

पुढे स्टुडिओ बंद झाला. ती लेकीकडे यवतमाळला गेली आणि यंदा तिथेच वारली. अजूनही कुणाच्या ओसरीत फ्रेममधून एखादा सावळा चेहरा जिवंत होऊन बघताना दिसला की मी उंबऱ्यातच थांबतो. तिचं काम लांबूनही ओळखू येतं. मागून तिने काही म्हणावं असं वाटतं, जड फायलींवरून माझ्याशी भांडावं असं वाटतं.

गेल्या महिन्यात मी तिच्या लेकीला, प्रज्ञाला, सगळं सांगून आलो.

"आई शेवटपर्यंत म्हणे, माह्याच हातानं माय पुसल्या गेली," ती म्हणाली. "तुम्ही दवाखान्यात भेटाले आलते न, काका?"

"आलो होतो."

"मंग?"

मी उठलो. निघताना ती म्हणाली, "मले एकटीले सांगून मोकळे नका होऊ. तिले ओळखणाऱ्या साऱ्याइले सांगा."

म्हणून लिहितो. प्रमिलाच्या हातून एकही चेहरा हरवला नाही. तिच्या आईचा चेहरा मी पुसला. हे तिला सांगू शकेल असा जगात एकच माणूस होता, आणि तो तिच्या खाटेशी बसून, खाली मान घालून, तिच्यासाठी संत्रं सोलत होता.