अक्षतांतले बोळे

पूर्णा तालुक्यातल्या एका गावात भाच्याचं लग्न होतं. करवली त्याची धाकटी बहीण. तिची रेल्वेच्या नोकरीसाठी निवड झाली होती आणि त्याच आठवड्यात वैद्यकीय तपासणी होती, कानांचीसुद्धा. मागच्या एका वरातीत डीजेसमोर नाचून आल्यावर तिच्या कानात दुसऱ्या दिवशीही शिट्टी वाजत होती.

"या बारीला नाचू नको," मी म्हणालो.

"मामा, करवली नाचली न्हाई तर लोक म्हणतेत, हिला भावजय पसंत न्हाई."

मुद्दा बिनतोड होता. मी परभणीतल्या कानाच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, कापूस पुरत नाही. फोमचे बोळे घाला, स्पीकरपासून लांब राहा, मधूनमधून बाजूला व्हा. आणि मळलेला बोळा कानात नको. मी सगळ्या पोरापोरींना पुरेल असा डबाच घेतला. बोळे मऊ, पिवळे, बोटाच्या पेराएवढे. डबा मांडवात अक्षतांच्या परातीशेजारी ठेवला आणि पंगतीची तयारी बघायला गेलो.

आमच्याकडे अक्षता ज्वारीच्या, हळदीत रंगवलेल्या. त्या वाटायचं काम माझ्या आत्याकडे. शहरातून नव्या तऱ्हेच्या अक्षता आल्या असं समजून तिनं डबा परातीत रिकामा केला, हातानं नीट कालवलं आणि मूठमूठ वाटलं.

पहिल्याच 'सावधान'ला बोळे उडाले. ज्वारी आधी पडली, बोळे मागून सावकाश आले. एक भटजींच्या चष्म्याला लागून उडाला. पुढच्या रांगेतली म्हातारी खूश झाली. "लय झ्याक! डोक्याला लागत न्हाईत!" लोक आणखी मागू लागले.

करवली धावत आली. "मामा, माझे कान हवेत उडायलेत!"

अंतरपाट दूर झाला, हार पडले आणि बाहेर डीजे सुरू झाला. मांडवाचे खांब थरथरले. निम्मे पाहुणे गुडघ्यांवर बसून ज्वारी चिवडू लागले. सापडलेला प्रत्येक बोळा तुडवलेला होता.

नवरीनं मुंडावळीत अडकलेला एक बोळा काढला. दुसरा नवरदेवाच्या फेट्यातून उचलला.

"घ्या ताई. हे खाली पडले न्हाईत."

करवली त्या दोन बोळ्यांवर, डीजेच्या गाडीपासून लांब, पोटभर नाचली. बाकीच्यांसाठी मी गाडीवाल्याच्या हातापाया पडून आवाज कमी करून घेतला.

तपासणी झाल्यावर तिनं पहिला फोन भावजयीला केला.

"वहिनी, पास झाले! ओरडू नका, ऐकू यायलंय मला."