कॉलनीतला हाडमोडी ताप

“इनामदार, ही स्लाइड पुन्हा बघा,” डॉक्टर म्हणाले. “मलेरियाच असणार.”

मी पुन्हा पाहिली. काही नव्हतं.

स्लाइड म्हणजे काचेच्या पट्टीवर पसरलेला रक्ताचा थेंब. तो रंगवून मायक्रोस्कोपखाली धरला की मलेरियाचे जंतू दिसतात. पन्नासच्या दशकात पिंपरीच्या एका कारखान्याच्या दवाखान्यात मी हेच काम करायचो. त्या पावसाळ्यात कॉलनीत माणसं पटापट आडवी होत होती. हाडं मोडल्यासारखी दुखायची, डोळ्यांमागे ठणका लागायचा, अंगावर लाल पुरळ उठायचं. मलेरियावरच्या क्विनाइनचा उपयोग नव्हता.

शेवटी सरकारी मलेरिया इन्स्पेक्टर आले. राणे, कोकणातले, माझ्याच वयाचे. त्यांना जीप होती, मला सायकल. डॉक्टर माझ्याशी उभ्याउभ्या बोलायचे, राणे आले की खुर्ची पुढे सरकवायचे. कॉलनीतल्या बायका त्यांना चहा घेतल्याशिवाय सोडायच्या नाहीत. स्लाइड निगेटिव्ह आली की मला आतून बरं वाटायचं. मलेरियावाल्याचा मलेरिया खोटा पडत होता.

मग माझी बायको सुमती तापाने पडली. तिला पाण्याचा पेला उचलवेना. तिचीही स्लाइड निगेटिव्ह आली. त्या दिवशी मात्र बरं वाटलं नाही.

राणे न बोलावता घरी आले.

“वहिनी, तुम्हाला डास कधी चावतात?”

“दुपारी,” सुमती म्हणाली. “मोरीत भांडी घासताना. रात्री फारसे नाहीत.”

“मलेरियाचा डास रात्री चावतो,” मी म्हणालो. “तुम्हाला ठाऊक असेलच.”

“म्हणूनच विचारतोय. सकाळी कारखान्याच्या गेटवर उभा होतो. डे शिफ्टवाले फारसे आजारी नाहीत. बायका, पोरं आणि नाइट शिफ्टवाले जास्त. म्हणजे दिवसा जे घरात असतात, ते.”

रोज रक्त मी तपासत होतो. हा साधा प्रश्न मला सुचला नव्हता, आणि तो नेमका ह्या माणसाला सुचावा!

राणे मोरीत गेले. नळ फक्त सकाळी यायचा, म्हणून प्रत्येक क्वार्टरला सिमेंटचा हौद होता. आम्ही तो वरून भरायचो, तळापर्यंत कधी रिकामा करत नव्हतो. त्यांनी झाकण काढून टॉर्च मारला. नितळ पाण्यात अळ्या वळवळत होत्या. माझ्या घरात! भिंतीवरचा एक डास त्यांनी टेस्ट ट्यूबमध्ये धरला. दवाखान्यात नेऊन मी तो भिंगाखाली पाहिला. काळ्या पायांवर पांढरे पट्टे होते.

“डेंग्यू,” राणे म्हणाले. “हाडमोडी ताप. हाच डास तो पसरवतो.”

त्याची रक्ततपासणी तेव्हा आमच्याकडे नव्हती. विश्रांती आणि भरपूर पाणी, एवढाच इलाज.

तिथेही हा ताप आहे का ते बघायला राणे शेजारच्या चिखली गावालाही जाऊन आले. मीही जीपमध्ये बसलो, नाहीतर एकटे जाऊन तिथलंही नाव तेच कमावतील म्हणून. तिथली एक म्हातारी म्हणाली, “असला ताप आमच्यात न्हाई. आडाचं पानी रोज आनायचं, हंडा रोज घासायचा. हौद कुनाकडं हाय?”

कॉलनीत मात्र हौद रिकामे करायला कोणी तयार होईना. “उद्या नळच आला नाही तर?” बायका विचारत.

“इनामदार, तुमच्यापासून सुरुवात करू या का?” राणे सगळ्यांसमोर म्हणाले.

नाही कसं म्हणणार? शेजारणी दारात उभ्या असताना मी हौदात उतरून काथ्याने भिंती घासल्या. मग एकेक घर तयार झालं. दर रविवारी सगळे हौद रिकामे करून घासायचे, असं ठरलं. महिन्याभरात नवे रुग्ण येणं जवळजवळ थांबलं. सुमती उठून चालू लागली, सांधे मात्र बरेच दिवस कुरकुरत होते.

मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना बोलावून राणेंचं कौतुक केलं. राणे उठून म्हणाले, “श्रेय इनामदारांचं. त्यांच्या निगेटिव्ह स्लाइड्सवर विश्वास ठेवला, म्हणून मी दुसरीकडे बघितलं.”

टाळ्या वाजल्या. मी हात जोडले. त्यांनी सगळं श्रेय स्वतःकडे घेतलं असतं तर निदान मनसोक्त रागावता तरी आलं असतं.

“किती मोठं मन आहे भावोजींचं!” सुमती घरी म्हणाली. मी जेवणात मीठ कमी असल्याचं सांगितलं.

शिकलो ते असं: क्विनाइनने न उतरणाऱ्या तापाला मलेरिया म्हणू नये, आणि पाणी नितळ दिसलं तरी हौद दर आठवड्याला रिकामा करून घासावा. बाकी, राणे मला पुढेही कधी आवडले नाहीत.